सहावी ब, फक्त आयांसाठी

निपाणी
१४ जुलै २०२४

विनू,

आशीर्वाद. गुडघे ठीक आहेत, कान होते तसेच. परवा फोनवर तू जे काही सांगत होतास त्यातलं मला 'दुकान' आणि 'भात' एवढंच कळलं. कानात मशीन घातलं की डोक्यावरचा पंखासुद्धा बोलायला लागतो, म्हणून ते डबीतच आहे. तू पत्रच लिहीत जा. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलांना पत्रलेखन शिकवलं, सख्ख्या भावाकडून दोन पानं यायला काय हरकत आहे?

आज लिहायचं कारण वेगळं आहे. मला अश्लेषाची माफी मागायची आहे. तिला सरळ लिहायचा धीर होत नाही, म्हणून तुझ्यामार्फत. मे महिन्यात तिची बळ्ळारीला बदली झाली तेव्हा मी तोंडाला येईल ते बोलले. वीज कंपनीतली बढती दोन वर्षांनी घेतली असती तर काय बिघडलं असतं, कावेरी सहावीत जाते आहे, पोरीच्या अभ्यासाचं ऐन वर्ष आणि आई पंधरा दिवसांनी पाहुणीसारखी येणार.  ती ताटं उचलून आत गेली.

आता ऐक. शेजारच्या तानूबाईंची भाची मेघाश्री तुमच्या राजाजीनगरातच राहते आणि तिची मुलगी कावेरीच्या वर्गात आहे. ती गेल्या आठवड्यात इथे आली होती. वर्गातल्या आयांचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे म्हणे, आणि त्या ग्रुपचा जीव म्हणजे अश्लेषा. कुठली चाचणी कधी, कुठल्या वहीला कुठलं कव्हर, कोणाचं पोर तापाने घरी असेल तर त्या दिवसाच्या गृहपाठाचे फोटो, सगळं ती पाठवते. पंधरा ऑगस्टच्या नाचासाठी बत्तीस मुलींना एकाच छटेचं पोपटी कापड हवं होतं, ते तिने दोन दिवसांत मिळवून दिलं. तुझ्याच मॅचिंग सेंटरमधून गेलं असेल, पण सुचायला तर पाहिजे. इतक्या लांब सबस्टेशनवर बसून ही बाई एवढं करते. मी ऐकत होते आणि माझी मान खाली जात होती.

तिला सांग, अक्काचं चुकलं.

वसुमती


राजाजीनगर, बेंगळुरू
२३ जुलै २०२४

अक्का,

पाया पडतो. तुझं पत्र दुकानात दोनदा वाचलं, बाजूला ठेवून गिऱ्हाईकं केली, मग पुन्हा वाचलं. तुझा निरोप अश्लेषाला दिलेला नाही. का ते सांगतो, आधी खाली बस.

त्या ग्रुपमधली अश्लेषा मी आहे.

झालं असं. शाळेच्या रजिस्टरात आईचा नंबर म्हणून तिचा जुना नंबर आहे. बळ्ळारीला तिला ऑफिसने नवा फोन दिला, जुना घरी राहिला. जूनमध्ये मेघाश्रीने त्या नंबराला ग्रुपमध्ये घातलं. ग्रुपचं नाव 'सहावी ब, फक्त आयांसाठी'. पहिलाच मेसेज होता की गणिताला मोठ्या चौकटीची वही लागेल. मी आदल्या दिवशी बारीक चौकटीच्या सहा वह्या आणून ठेवल्या होत्या. मी 'थँक्यू' लिहिलं. दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारलं, कन्नडचा पाठ कुठपर्यंत झाला? मला माहीत होतं, मी लिहिलं. तिकडून 'थँक्यू अश्लेषा' आलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. तेव्हा समोर एक बाई तीन साड्यांचे फॉल घेऊन उभी होती.

मग दिवस गेले तसं सांगणं अवघड होत गेलं. आणि सांगितलं तर बाहेर काढतील ही भीती. शाळेची डायरी अर्ध्या गोष्टी सांगतच नाही, सगळं त्या ग्रुपवर कळतं. बाप असल्यामुळे मला ते कळू नये? बावीस वर्षं मी चिकपेटेतल्या दुकानात बायकांशीच बोलतो आहे, अस्तर, ब्लाउजपीस, काठाला शोभेल असा रंग. त्यामुळे कोणाला संशय आला नाही. त्या आपापसातलं बोलायला लागल्या की मी फोन पालथा ठेवतो, तेवढं पाप नको.

पण अक्का, मला हे आवडतं आहे. सहाला दुकान भागीदारावर सोडून मेट्रोने घरी येतो. कावेरीला अपूर्णांक काही केल्या कळेनात. मी अस्तराचा मीटरभर तुकडा घेतला, घड्या घालून आठ भाग केले. म्हटलं, पाऊण मीटरमधून एक अष्टमांश कापला, किती राहिलं? तिने घड्या मोजल्या आणि म्हणाली, पाच. नंतर स्वतःच म्हणाली, आठातले पाच. आता ती प्रत्येक गणित कापडावर करते. तिचा वेगळा लहान तुकडा आहे, दप्तरात असतो.

सध्या तानूबाईंना काही बोलू नकोस.

विनोद


निपाणी
२ ऑगस्ट २०२४

विनू,

मी आधी खूप हसले. तानूबाई विचारायला आल्या, काय झालं म्हणून. पचवलं.

मग हसू थांबलं. चौतीस वर्षांत माझ्या वर्गात बाप तीनच कामांना आले. फी माफ करा म्हणायला, दाखला न्यायला, आणि माझ्यादेखत पोराला बडवायला. तू चौथा प्रकार निघालास याचा मला आनंद आहे. पण त्या बायका तिथे बाई समजून बोलतात. तू फोन पालथा ठेवतोस हे तुला माहीत, त्यांना माहीत नाही. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी कावेरीच्या आईची मान खाली जाईल, तुझी नाही. सांगून टाक. आणि आधी अश्लेषाला.

दुसरं, मास्तरीण म्हणून. कापडाची युक्ती उत्तम आहे. पण कापडावरून कागदावर कधी आणणार आहेस? परीक्षेला दुकान नेता येत नाही.

वसुमती


राजाजीनगर
६ ऑक्टोबर २०२४

अक्का,

दोन महिने लिहिलं नाही. तुझं पत्र आलं तेव्हा वाटलं, स्वल्प थांबू, दसऱ्यानंतर सांगू. आता तू सांगितलेलं एकूण एक खरं झालं आहे.

सहामाहीत गणिताच्या पेपरला कावेरीने दप्तरातलं कापड बरोबर नेलं. मांडीवर ठेवून घड्या घालत होती. देखरेखीवरच्या बाईंना वाटलं, रुमालात काही लिहून आणलंय. उलटसुलट करून पाहिलं, काही सापडलं नाही, तरी काढून घेतलं. त्यानंतर कावेरीने पेपरात काहीच लिहिलं नाही. चाळीसपैकी नऊ. घरी आल्यावर रडली नाही. मला म्हणाली, "अप्पा, मला येत होतं. पण कापड गेलं ना."

अक्का, मी त्या वेळी तिच्याकडे बघू शकलो नाही.

दसऱ्याच्या सुट्टीआधी डायरीत चिठ्ठी आली. आईने येऊन भेटावे. शाळेने मागे पडलेल्या मुलांची एक वेगळी तुकडी केली आहे, आठ मुलं, कमी अभ्यासक्रम. कावेरीला तिकडे घालायचं म्हणतात. तिकडे गेलेलं मूल परत ब तुकडीत आल्याचं कोणाला आठवत नाही, हे मी ग्रुपवरच वाचलंय.

मी त्याच दुपारी गेलो. तिच्या वर्गाच्या मिस चांगल्या आहेत, बसायला खुर्ची दिली. पण म्हणाल्या, सर, मॅडमना पाठवा, त्यांना सगळं माहीत असतं, आमचं नेहमी बोलणं होतं. त्या मेसेज करतात तो नंबर माझ्याकडे, त्यांचं बोलणं माझ्याशीच होतं, अक्का. टेबलावर त्यांचा फोन होता, माझ्या खिशात तो जुना. सरी, मिस, बरं, एवढंच म्हणालो आणि उठलो.

अश्लेषाला फोनवर एवढंच सांगितलं की मार्क कमी पडलेत, २६ तारखेला शनिवारी मिसना भेटायचं आहे, ये. ती रजा न टाकता येईल, चौथ्या शनिवारची सुट्टी आहे. बाकीचं सांगितलेलं नाही. ती तिथे जाऊन काय बोलणार? कावेरी गणित कशी करते हे तिला माहीत नाही. मला माहीत आहे, आणि मला कोणी विचारत नाही.

विनोद


निपाणी
१४ ऑक्टोबर २०२४

विनू,

तुला कोणी विचारत नाही हे वाक्य मला झोंबलं. का, ते लिहिते. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

साल एक्क्याण्णव. चौथीत गंगव्वा नावाची मुलगी होती. गैरहजर फार राहायची. मी घरी चिठ्ठी पाठवली, आईने येऊन भेटावे. आमच्या चिठ्ठ्या तशाच असायच्या, त्यात बाप हा शब्दच नसायचा. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिचा बाप आला. देवाप्पा. तंबाखूच्या वखारीत कामाला, हात पिवळे, त्याच्या वासाने पहिल्या बाकावरची पोरं शिंकायला लागली. मी म्हटलं, आईला पाठवा. तो म्हणाला, तिला येणं होत न्हाई. का होत नाही, हे मी विचारलं नाही. तो आणखी दोनदा आला आणि दोन्ही वेळा मी तेच सांगितलं. तिसऱ्या वेळी तो जाता जाता दारात थांबला. म्हणाला, "मग बाई, पोरीचं अक्षार तरी दावा की."

घंटा झाली होती. मी म्हटलं, आता वेळ नाही.

पाचवीला ती दुसऱ्या शाळेत गेली. तिचं अक्षर फार सुंदर होतं, विनू. ते मी तिच्या बापाला दाखवलं नाही.

तुझ्या मिस माझ्याहून वाईट नसणार. त्यांना सवय आहे, तशी मलाही होती. पण देवाप्पाकडे सांगण्यासारखं काय होतं ते मला ठाऊक नाही, तुझ्याकडे काय आहे ते ठाऊक आहे. तू उठून यायला नको होतंस.

आता दोन कामं. पहिलं, आजपासून कावेरीला असं शिकव. गणित आधी कापडावर. मग तेच कापड कागदावर पट्टी काढून दाखवायचं, घड्यांच्या जागी रेघा. चार दिवस दोन्ही. मग कापड तुझ्या खिशात, तिच्यासमोर फक्त पट्टी. पट्टी हाताला बसली की नुसते आकडे. घाई केलीस तर मागे जाशील. चुकली तर पट्टीवर परत, कापडावर नाही.

दुसरं. अश्लेषाने त्या शाळेचं फाटक ओलांडायच्या आत तिला सगळं सांग. मी जुलैत मागितलेली माफीसुद्धा सांग. ती माफी भलत्याच माणसाच्या कौतुकावर उभी होती हेही सांग.

वसुमती


बळ्ळारी
२८ ऑक्टोबर २०२४

अक्कांना नमस्कार.

मी तुम्हाला पहिल्यांदाच लिहिते आहे. तुमचं १४ तारखेचं पत्र माझ्या हाती लागलं. मुद्दाम उघडलं नाही. शनिवारी सकाळी घरी पोचले, हे इडल्या आणायला गेले होते, शाळेत जायच्या आधी एकदा गणिताची वही बघावी म्हणून उघडली तर त्यात होतं. ह्यांनी तुमच्या सूचनांचं पान खूण म्हणून घातलं होतं. मी सगळं वाचलं. मग कपाटातून मागची दोन पत्रंही काढून वाचली. तेवढं मात्र मुद्दाम.

खरं सांगते, मला राग आला. आणि रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. चार महिने माझ्या नावाची एक बाई राजाजीनगरात राहत होती. तिला वह्यांची कव्हरं माहीत होती, कोणाच्या मुलाला ताप आहे हे माहीत होतं, लोक तिला थँक्यू म्हणत होते. ती माझ्याहून चांगली आई होती, आणि ती माझा नवरा होता. मी इथे रोज संध्याकाळी फोनवर विचारायचे, अभ्यास झाला का, आणि हे म्हणायचे, झाला. मी पुढे कधी विचारलं नाही.

रिक्षात आम्ही तिघं होतो. मी म्हटलं, तिथे मी काय बोलायचं आहे? हे म्हणाले, मी सांगणारच होतो. मी विचारलं, कधी? हे म्हणाले, "काल." रिक्षावाल्याला मराठी येत नव्हतं, तरी त्याने आरशातून ह्यांच्याकडे दयेने पाहिलं. कावेरी खिडकीकडे तोंड करून हसत होती. तिला सगळं आधीपासून माहीत होतं, अक्का. फोनमध्ये इंग्रजी स्पेलिंग तीच तपासून द्यायची.

मिसनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, तुमच्यासारख्या आया असत्या तर आम्हाला काही कामच उरलं नसतं, एवढ्या मुलांचं बघता, मग स्वतःच्या मुलीचं गणित कसं सुटलं? मला क्षणभर वाटलं, होय म्हणावं आणि निभावून न्यावं. ह्यांची अब्रू राहिली असती. पण पुढचा प्रश्न आला असता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी म्हटलं, "मिस, मी जूनपासून बळ्ळारीला आहे. तुम्ही ज्यांच्याशी बोलता ते हे. कावेरीचं जे विचारायचं ते ह्यांना विचारा."

 मिस आपला फोन उघडून वरपासून खाली काहीतरी वाचत राहिल्या. मग ह्यांच्याकडे पाहून कन्नडमध्ये विचारलं, ते पोपटी कापडसुद्धा? हे म्हणाले, हो, अस्तरासकट.

मग हे बोलले. मी ह्यांना दुकानात बोलताना ऐकलंय, तिथे हात हलतात. इथे हात टेबलाखाली होते. "चूक कावेरीची नाही, मिस. मी तिला कापडावर शिकवलं आणि कापडावरच थांबलो. माझ्या बहिणीने ऑगस्टमध्येच सावध केलं होतं, मी ऐकलं नाही. आता आठ दिवस कागदावर चाललंय. तिला गणित येतं, ते कागदावर आणायला मला तीन आठवडे द्या. नाही जमलं तर तुम्ही म्हणाल त्या तुकडीत घाला, मी सही करतो."

मिसनी कावेरीला पुढे बोलावून तीन गणितं दिली. तिने पट्टी काढली, रेघा मारल्या. फार वेळ लागला. बाहेर दुसरे पालक दारातून डोकावत होते, मिसनी उठून दार लावून घेतलं. तीनपैकी दोन बरोबर आली. तिसऱ्यात शेवटची वजाबाकी चुकली. मिसनी पट्टी बोटाने दाखवत विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? ती म्हणाली, निपाणीच्या अत्तेने सांगितलं, अप्पाने शिकवलं. २० नोव्हेंबरला पुन्हा पेपर घ्यायचं ठरलं.

संध्याकाळी हे माझ्यासमोर बसून ग्रुपवर खरं काय ते लिहिणार होते. तीनदा लिहून खोडलं. चौथ्यांदा पाठवलं. पुढचं तेच सांगतील, मी गाडीला निघाले.

आता माझं. जुलैमधली माफी मी वाचली, पण ती मला नव्हती, त्या ग्रुपमधल्या बाईला होती. मी ती बाई नाही. मी महिन्यातून दोनदा येते. इथे माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत, उन्हाळ्यात चार तालुक्यांची वीज आमच्यावर असते, आणि मला हे काम आवडतं. ही दोन वर्षं मी पूर्ण करणार आहे. हे सगळं धरून तुमची माफी अजून आहे का? नसली तरी मी पाया पडेन, पण मला माहीत असलेलं बरं.

अश्लेषा


निपाणी
४ नोव्हेंबर २०२४

अश्लेषा,

आहे. जुलैत ती चुकीच्या कारणाने मागितली होती, म्हणून आता पुन्हा मागते. मुलीचा बाप घरात असताना मी अभ्यास बुडेल असं म्हटलं, त्यात मी तुझा जेवढा अपमान केला तेवढाच माझ्या भावाचा. तेव्हा आपल्या तिघांच्याही ते लक्षात आलं नाही.

माझी पत्रं वाचलीस ते बरं केलंस. पुढची तुझ्या नावाने वेगळी येतील.

अक्का


राजाजीनगर
२४ नोव्हेंबर २०२४

अक्का,

पाया पडतो. निकाल आधी सांगतो. चाळीसपैकी सत्तावीस. कावेरी ब तुकडीतच राहते आहे. पेपरात चार ठिकाणी पट्टी काढली होती, बाकी नुसते आकडे. मिसनी पेपर माझ्या हातात दिला, बसा म्हणाल्या, आणि कुठे कुठे चुकतं ते अर्धा तास मला समजावून सांगितलं. भागाकारात ती अजून डगमगते. पुढचं पत्र त्याचं पाठव.

आता ग्रुपचं. २६ ऑक्टोबरला मी लिहिलं की मी अश्लेषा नाही, कावेरीचा बाप विनोदकुमार, जूनपासून मीच लिहितो आहे, तुमचं खासगी वाचलं नाही पण ते तुम्हाला खरं वाटेलच असं नाही, त्याबद्दल क्षमा मागतो, बाहेर काढायचं तर काढा. मग मेघाश्रीचा फोन आला. ती चिडली होती आणि तिचं चिडणं बरोबर होतं. म्हणाली, अण्णा, माझ्या सासूबद्दल मी काय काय लिहिलंय तिथे. मी म्हटलं, सासूचं नाव दिसलं की मी फोन ठेवत होतो. ती म्हणाली, पण नाव दिसेपर्यंत तरी वाचतच होता ना?

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्यासाठी वेगळा ग्रुप केला. योग्य केलं. जुन्याचं नाव बदलून नुसतं 'सहावी ब' ठेवलं आणि मला काढलं नाही. पण कोणी माझ्याशी बोलेना. मी रोजचा गृहपाठ टाकत होतो, चाचण्यांच्या तारखा टाकत होतो, थँक्यू एकही नाही. अश्लेषा म्हणाली, दुकान बदललं की जुनं गिऱ्हाईक यायला वेळ लागतो, तुम्हीच सांगता ना. मी टाकत राहिलो.

परवा दुकानात एका बाईंना जांभळ्या रंगाच्या सात छटा काढून दाखवत होतो. फोन वाजला. मेघाश्रीचा मेसेज होता, सगळ्यांसमोर, ग्रुपवरच.

"कावेरी अप्पा, सोमवारचं विज्ञान कुठपर्यंत आहे?"

मी त्या बाईंना म्हटलं, एक मिनिट हं अक्का, आणि उत्तर लिहिलं.

विनोद